डिसेंबरचा कर्व्ह वेगळा, मे महिन्याचा वेगळा: पीसीचे फॅन शांत कसे करावेत

नागपुरात पीसीचा आवाज सगळ्यात जास्त खुपतो तो हिवाळ्यात. मे महिन्यात खिडकीतला कूलर एवढा घोंघावत असतो की कॅबिनेटमधल्या तीन-चार फॅनचा आवाज कुणाच्या कानावर येत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत कूलर झाकून ठेवलेला, छताचा पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आणि रात्री अकरानंतर गल्लीतही सामसूम. अशा वेळी टेबलाखालून येणारी घरघर डोक्यात जाते. खरं तर त्या थंडीत पीसीला एवढ्या हवेची गरजच नसते. फॅन उगाच पळत असतात.

उलट मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असताना त्याच पीसीला हवा कमी पडते. म्हणजे आवाज हा इथला हिवाळ्याचा प्रश्न आणि ताप हा उन्हाळ्याचा. दोन्हींवर उपाय एकच आहे: कुठला फॅन कधी किती पळेल हे कंपनीच्या ठरावीक सेटिंगवर न सोडता आपण ठरवायचं. बहुतेक पीसींमध्ये यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. सगळी सोय मदरबोर्डमध्येच असते, फक्त ती कुणी उघडून बघत नाही.

वेग थोडा उतरवा, आवाज पुष्कळ उतरतो

फॅनचा वेग आरपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती फेरे. वेग आणि हवा यांचा संबंध सरळ आहे. वेग निम्मा केला तर हवाही साधारण निम्मी होते. आवाजाचं गणित मात्र तसं नाही, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. पंख्यांचे इंजिनिअर जो ठोकताळा वापरतात त्यानुसार वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. वेग नुसता २० टक्क्यांनी कमी केला तरी जवळपास ५ डेसिबल जातात. आणि १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे १५०० आरपीएमचा फॅन ७५० वर आणला की तो चालू आहे की बंद, हे कान देऊन ऐकावं लागतं.

आता कुणीही विचारेल की हवा निम्मी झाली त्याचं काय? तर तिथे दुसरा फॅन लावायचा. सारख्या आवाजाचे दोन फॅन एकत्र चालले तर आवाज दुप्पट वाटत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक फॅन पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी तसेच दोन फॅन निम्म्या वेगाने चालवले, तर हवा साधारण तेवढीच मिळते आणि आवाज मात्र १५ वजा ३, म्हणजे १२ डेसिबलने कमी होतो. शांत पीसीचं बहुतेक सगळं शास्त्र या एका वजाबाकीत आलं. फॅन जास्त, वेग कमी. मोठा फॅन चांगला म्हणतात तोही याच कारणाने: १२० मिलिमीटरच्या जागी १४० चा बसला तर क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं आणि तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते. अट एकच, की हवा आत यायला वाट हवी. समोर अख्खी काच आणि बाजूला बोटभर फट असलेलं कॅबिनेट असेल, तर फॅन कितीही लावले तरी ते नुसते धापा टाकत राहतात.

वरच्या टोकाला तर वेग वाढवून फारसं काही हातीच लागत नाही. फॅन ६० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेला की आवाज ११ डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला दुपटीहून जास्त. तापमान मात्र बऱ्याच कॅबिनेटमध्ये दोन-चार अंशच खाली येतं. तुमच्या पीसीत नेमकं किती येतं ते एकदा करून बघा; ती संख्या एकदा डोळ्यांनी बघितली की फॅन शंभरावर ठेवायची सवय आपोआप सुटते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, चढउताराची होत नाही. ९०० आरपीएमवर स्थिर चालणारा फॅन दहा मिनिटांत विसरायला होतो. पण ७०० वरून १३०० वर जाणारा, परत उतरणारा, परत चढणारा फॅन काही केल्या विसरता येत नाही, सरासरीने तो कमी आवाज करत असला तरी. म्हणून आपल्याला कमी वेगाच्या आधी हवा आहे तो स्थिर वेग.

तीन पिन, चार पिन आणि ज्यांना दोन्ही नाहीत ते

कॅबिनेटचं झाकण काढा आणि प्रत्येक फॅनची वायर कुठे जाते ते बघा. मदरबोर्डवर जिथे ती खोचलेली असते त्याला हेडर म्हणतात, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत नाव छापलेलं असतं: प्रोसेसरच्या फॅनसाठी सीपीयू फॅन, बाकीच्यांसाठी सिस्टिम फॅन किंवा चेसिस फॅन.

वायरच्या टोकाला तीन भोकं असतील तर एक ग्राउंड, दुसरी १२ व्होल्टची आणि तिसरी फॅनचा वेग मदरबोर्डला कळवणारी. अशा फॅनचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच कमी करावं लागतं. १२ व्होल्टवर तो पूर्ण पळतो, ७ वर बराच मंदावतो, आणि ५ च्या आसपास किंवा त्याखाली बहुतेक फॅन थांबतात. बंद फॅन सुरू व्हायला जेवढं व्होल्टेज लागतं, ते चालू फॅन फिरता ठेवायला लागणाऱ्या व्होल्टेजपेक्षा जास्त असतं, हेही ध्यानात ठेवा. ही डीसी पद्धत.

चार भोकं असतील तर तो पीडब्ल्यूएम फॅन. त्याला १२ व्होल्ट पूर्णवेळ मिळत राहतात आणि चौथ्या तारेतून मदरबोर्ड मोटरला भराभर चालू-बंद करायचा इशारा देत राहतो. छताच्या पंख्याचं बटण तुम्ही सेकंदाला कित्येकदा चालू-बंद करत राहिलात तर पंखा थांबणार नाही, पाती आपल्या जोरावर फिरतच राहतील, फक्त सावकाश. इथे हे चालू-बंद सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा होतं. हा आकडा मुद्दाम तेवढा ठेवलेला आहे: माणसाला २० हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे मोटरची किणकिण कानावर पडत नाही. पीडब्ल्यूएम फॅन डीसी फॅनपेक्षा जास्त खाली उतरतो आणि खालच्या वेगालाही नीट ताब्यात राहतो. नवा घेणार असाल तर चार पिनचाच घ्या. किमतीतला फरक फार नसतो.

'फॅन हळूच होत नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. मदरबोर्डच्या प्रत्येक हेडरला डीसी किंवा पीडब्ल्यूएम अशी रीत ठरवून द्यायची सोय असते. तीन पिनचा फॅन लावलाय आणि हेडर पीडब्ल्यूएमवर आहे, तर चौथ्या तारेतला इशारा घ्यायला फॅनमध्ये तारच नाही आणि १२ व्होल्ट पूर्ण मिळताहेत. मग तो कायम शंभर टक्क्यांवर पळणार. बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, त्या हेडरची रीत डीसी केली की क्षणात गप्प होतो. 'ऑटो'वर ठेवलं तर मदरबोर्ड बहुतेक वेळा बरोबर ओळखतो, पण नेहमीच नाही.

बर्डीवरच्या दुकानातून स्वस्तातलं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेतलं असेल, तर त्यातले फॅन मदरबोर्डला जोडलेलेच नसण्याची शक्यता बरीच. त्यांच्या वायरींना मोठ्या चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर असतो आणि तो थेट पॉवर सप्लायला लावलेला असतो. अशा फॅनला १२ व्होल्ट सोडून दुसरं काही ठाऊक नसतं. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते आटोक्यात येणार नाहीत. यावर माझं मत स्पष्ट आहे: समोरचे दोन आणि मागचा एक, असे तीन साधे चार पिनचे फॅन वेगळे घ्या आणि दिव्यांचे काढून ठेवा. दिवे हवेच असतील तर पीडब्ल्यूएमवाले दिव्यांचे फॅनही मिळतात. मात्र त्यांची दिव्यांची तार वेगळी असते. ५ व्होल्टच्या दिव्यांची तार १२ व्होल्टच्या दिव्यांच्या हेडरला लावली तर दिवे जळतात. तेवढं मॅन्युअल उघडून बघाच.

हेडर कमी आणि फॅन जास्त असतील तर स्प्लिटर, म्हणजे एकाची दोन किंवा तीन टोकं करणारी वायर, चालते. मदरबोर्डचा साधा हेडर सहसा १ अँपिअर देतो. फॅनच्या मधल्या स्टिकरवर त्याचा आकडा छापलेला असतो, समजा ०.२. असे तीन मिळून ०.६, मग काही अडचण नाही. स्प्लिटरवरच्या एकाच फॅनचा वेग मदरबोर्डला दिसतो, बाकीचे त्याच्यामागे चालतात, म्हणून एका स्प्लिटरवर एकाच जातीचे फॅन ठेवावेत. लिक्विड कूलरचा पंप असेल तर त्याला या सगळ्यातून वगळा. त्याचा हेडर पूर्ण वेगावर राहू द्या.

कर्व्ह काढायचा कसा

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायॉसमध्ये जा. आसूसच्या बोर्डवर क्यू-फॅन, गिगाबाइटवर स्मार्ट फॅन, एमएसआयवर हार्डवेअर मॉनिटर, असरॉकवर फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग अशा नावाने एक आलेख सापडेल. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर फॅनचा वेग टक्क्यांत, आणि मध्ये चार-पाच ठिपके. ते ठिपके माउसने सरकवायचे. यालाच फॅन कर्व्ह म्हणतात.

कर्व्ह काढण्याआधी प्रत्येक फॅनचा तळ शोधा. मॅन्युअल करून वेग ५-५ टक्क्यांनी खाली आणत जा आणि फॅनकडे बघत राहा. एका ठिकाणी तो थबकेल. समजा २० टक्क्यांवर थांबला, तर त्याचा तळ ३० धरा, म्हणजे बंद अवस्थेतूनही तो हमखास सुटेल. मग कान लावून वरची बाजू शोधा: कितीपर्यंत त्याचा आवाज तुम्हाला चालतो? रात्रीच्या शांततेत शोधलात तर उत्तर खरं येतं. माझ्या अनुभवात १२० मिमीचा फॅन ८०० ते ९०० आरपीएमपर्यंत बहुतेकांना चालतो, त्यानंतर हवेचा सूं आवाज सुरू होतो. पण कान आपापले असतात.

आता या दोन आकड्यांमध्ये लांब, सपाट पठार काढा. साध्या पीसीतल्या कॅबिनेट फॅनसाठी मी असा कर्व्ह धरतो: प्रोसेसर ५५ अंशांपर्यंत ३५ टक्के, एकदम सपाट. ७० ला ५० टक्के. ८० ला ७० टक्के. आणि ८८ च्या पुढे पूर्ण. कंपनीच्या कर्व्हमध्ये सहसा ४० अंशांपासूनच चढण सुरू होते, आणि सगळा त्रास तिथेच असतो, कारण ४० ते ६० च्या पट्ट्यात प्रोसेसर दिवसभर वरखाली करत असतो.

एवढ्या तापाने प्रोसेसर बिघडेल का, ही भीती सगळ्यांना असते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. या मर्यादेला पोचला तरी तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून ताप आवरतो. काम करताना ७५-८० अंश दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. ५० अंशांवर ठेवण्यासाठी रात्रभर कानाशी घरघर सोसणं मला तरी पटत नाही.

कुणाच्या तापाकडे बघून पळायचं?

माझ्या भाच्याचा पीसी मानेवाड्याला आहे. आय-५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. त्याची तक्रार अशी, की काही न करता बसलं तरी समोरचे फॅन मध्येच जोर करतात. "मामा, मी तर नुसता ब्राउझर उघडतो. हे काऊन असं करते?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि फॅनचा वेग दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं. प्रोसेसर ४२ अंशांवर होता. ब्राउझरवर क्लिक केलं, एका सेकंदात आकडा ६१ झाला, फॅन १३०० वर गेले, तोवर काम संपून आकडा परत ४५ वर आला, आणि फॅन आणखी काही सेकंद रेंगाळून उतरले. पुढची टॅब उघडली की परत तेच.

हा ताप खरा असतो, पण नखाएवढ्या चिपच्या आतला आणि क्षणभराचा. त्याच्यावरच्या हीटसिंकला, म्हणजे ताप ओढून घेणाऱ्या तांब्या-ॲल्युमिनिअमच्या ठोकळ्याला, तो जाणवायच्या आत संपलेला असतो. एवढ्याशासाठी कॅबिनेटचे फॅन पळवून काही थंड होत नाही, कारण गरम हवा तयारच झालेली नसते.

यावर बायॉसमध्येच औषध आहे. आलेखाच्या शेजारी 'स्टेप अप', 'स्मूदिंग' किंवा 'इंटर्व्हल' अशा नावाचा पर्याय असतो. म्हणजे तापमान चढल्यावर फॅनने किती सेकंद दम धरायचा. कॅबिनेट फॅनसाठी बोर्ड जेवढा जास्त देईल तेवढा घ्या. काही बोर्डांवर 'हिस्टेरिसिस' असतो, त्यात आकडा सेकंदांचा नसून अंशांचा: तापमान ३ किंवा ५ अंशांनी हलल्याशिवाय फॅनने हलायचं नाही. भाच्याच्या बोर्डवर हे दोन्ही केलं आणि कर्व्ह सपाट केला, त्यानंतर ब्राउझर उघडताना फॅनची चाहूल लागत नाही.

पण त्याच्या पीसीत एक दुसरी गोष्टही होती, आणि गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅटपर्यंत वीज लागते. गेम चालू असताना त्याचा प्रोसेसर त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज घेतो. घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन कॅबिनेटमध्ये पडते. म्हणजे कॅबिनेट तापवतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि कॅबिनेटचे फॅन बघत बसतात प्रोसेसरकडे! कार्ड ७८ अंशांवर भाजतंय, प्रोसेसर ५८ वर निवांत, म्हणून समोरचे फॅन ३५ टक्क्यांवर. मग कार्डाचे स्वतःचे छोटे फॅन आतलीच गरम हवा घुसळत किंचाळतात, आणि तो आवाज कॅबिनेट फॅनच्या सूंपेक्षा फार वाईट.

मदरबोर्डच्या बायॉसला बहुधा ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसत नाही. म्हणून विंडोजवर 'फॅन कंट्रोल' नावाचं सॉफ्टवेअर घ्यावं. वैयक्तिक वापरासाठी ते फुकट आहे. त्यात दोन कर्व्ह काढता येतात, एक प्रोसेसरचा, एक ग्राफिक्स कार्डाचा, आणि त्या दोघांपैकी जो मोठा आकडा मागेल तो कॅबिनेट फॅनला द्यायचा, असं 'मिक्स' करून सांगता येतं. समोरच्या फॅनसाठी मला याहून चांगली रीत माहीत नाही. प्रोसेसरवरच्या फॅनने फक्त प्रोसेसरकडे बघावं, मागच्या फॅनने समोरच्यांसारखंच मिक्सकडे. मदरबोर्ड कंपनीचं स्वतःचं फॅनचं सॉफ्टवेअर सोबत चालू ठेवू नका, दोघं एकाच फॅनवर हुकूम सोडत राहतात. आणि बायॉसमध्ये सुरक्षित कर्व्ह राहू द्या. कधी सॉफ्टवेअर सुरू झालंच नाही तर तोच धावून येतो.

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स, पीडब्ल्यूएमकॉन्फिग आणि फॅनकंट्रोल ही याच कामाच्या प्रोग्रॅमची जुनी त्रयी आहे. तिथे वेग टक्क्यांत नसून ० ते २५५ मध्ये लिहितात. पीडब्ल्यूएमकॉन्फिग तपासणीसाठी फॅन थोडा वेळ पूर्ण थांबवतं, तेव्हा त्या वेळी जड काम चालू ठेवू नका.

खोली तापली की सगळं सरकतं

फॅन थंडी तयार करत नाही. तो फक्त खोलीतली हवा आत घेतो आणि गरम हवा बाहेर टाकतो. त्यामुळे पीसीतली कुठलीही वस्तू खोलीपेक्षा थंड होणं शक्य नाही, आणि फॅनचा वेग व काम तेच असेल तर खोली जितक्या अंशांनी तापेल साधारण तितक्याच अंशांनी आतलं सगळं वर सरकतं.

जानेवारीत खोली २२ अंश आहे आणि गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ६६ वर राहतं, म्हणजे खोलीपेक्षा ४४ ने जास्त. नवतप्यात, २५ मेच्या आसपासच्या त्या नऊ दिवसांत, दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर बंद असेल तर ४० सहज होतात. तेच कार्ड, तोच गेम, तोच फॅन: ४० अधिक ४४, म्हणजे ८४. तुम्ही जानेवारीत कान लावून जमवलेला सुंदर शांत कर्व्ह मे महिन्यात सरळ वरच्या टोकाला जाऊन बसतो. काही न करता बसलेला प्रोसेसरही ५५ च्या पुढे असतो, म्हणजे पठार संपून चढण सुरू झालेली. पुण्या-मुंबईच्या कुणी दिलेला कर्व्ह इथे जसाच्या तसा चालत नाही तो यामुळेच. तिकडे वर्षातला फरक एवढा मोठा नसतो.

म्हणून दोन कर्व्ह ठेवा. बायॉसमध्ये प्रोफाइल जतन करता येतं, फॅन कंट्रोलमध्ये तर वेगळ्या नावाने फाइल ठेवता येते. हिवाळ्याचा वर सांगितला तसा. उन्हाळ्याच्या कर्व्हमध्ये पठार १० अंशांनी उजवीकडे न्या, म्हणजे ६५ पर्यंत सपाट, पण पठाराची उंची ३५ वरून ४५-५० टक्क्यांवर घ्या. त्या दिवसांत कूलर किंवा पंखा चालू असतोच, त्यामुळे कॅबिनेटचा एवढा आवाज कळणार नाही, आणि आतल्या ज्या वस्तूंकडे कुणी बघत नाही त्यांना हवा मिळेल. मला यात काळजी वाटते ती हार्ड डिस्कची. साध्या फिरत्या हार्ड डिस्कची मर्यादा सहसा ६० अंश असते, आणि खोलीच ४० असेल तर ती आरामात ५० च्या पुढे जाते. लग्नाचे, मुलांचे फोटो सहसा तिच्यावरच असतात. तिच्यासमोरचा फॅन मे महिन्यात थांबता कामा नये.

ग्राफिक्स कार्डाची एक खोडी फक्त उन्हाळ्यात दिसते. बरीच कार्डं ५०-५५ अंशांपर्यंत आपले फॅन पूर्ण बंद ठेवतात. जानेवारीत ती ३५ वर बसलेली, त्यामुळे गप्प. मे महिन्यात ती नेमकी त्या उंबरठ्यावर येतात: फॅन सुरू, थोडं थंड झालं की बंद, परत सुरू. दर मिनिटा-दोन मिनिटांनी घर्र होतं. एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन कार्डाचे फॅन ३० टक्क्यांवर कायम चालू ठेवा, किंवा समोरचे कॅबिनेट फॅन थोडे वाढवा म्हणजे कार्ड उंबरठ्याच्या खालीच राहील.

कूलरबद्दल एक सूचना. खिडकीतल्या कूलरमुळे बाहेर ४४ असताना खोली तिशीच्या आसपास येते, हा पीसीलाही मोठाच दिलासा. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा ओलसर असते, कधी बारीक तुषारही उडतात, आणि नागपूरची धूळ त्या ओलाव्यासोबत फॅनच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत चिकटून बसते. कोरडी धूळ ब्रशने निघते, ही निघत नाही. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात, ज्याला मागून पाटी आणि पुढून दार असतं, त्यात तर मुळीच नको. मागच्या फॅनने टाकलेली गरम हवा त्या कप्प्यातच फिरून समोरून परत आत येते, म्हणजे पीसीसाठी खोली बारा महिने मे महिन्यातली. कित्येक घरांत नुसता कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून ठेवला तरी फॅन उतरतात.

उरलेले आवाज

वेग कमी करूनही फॅन 'वँव-वँव' असा लाटांसारखा घुमत असेल, तर दोन फॅनचे वेग जवळजवळ सारखे आहेत. सात पात्यांचा फॅन १२०० आरपीएमवर सेकंदाला १४० वेळा हवा कापतो, शेजारचा ११७० वर असेल तर १३६.५ वेळा. दोघांच्या फरकाएवढा, म्हणजे सेकंदाला साडेतीन वेळा, आवाज मोठा-बारीक होत राहतो. मागचा फॅन समोरच्यांपेक्षा शंभर-दोनशे आरपीएमने खाली ठेवा, घुमणं थांबतं. एखाद्या ठरावीक वेगालाच कॅबिनेटचा पत्रा थरथरत असेल तर तो वेग कर्व्हमधून टाळा: पठार त्याच्या खाली ठेवा आणि चढण तिथे तीव्र करा.

धुळीचं तर सांगायलाच नको. समोरची जाळी महिन्यातून एकदा झटका, मार्च ते जून या काळात दोनदा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि मग कुठलाही कर्व्ह त्याची खरखर घालवू शकत नाही.

आणि उष्णताच कमी तयार केली तर? हा उपाय लोक शेवटी करतात, खरं तर तो आधी करायला हवा. १०५ वॅटच्या रायझन प्रोसेसरला बायॉसमधून ६५ वॅटच्या इको मोडवर टाकलं, की त्याची वीज ओढायची कमाल मर्यादा १४२ वॅटवरून ८८ वर येते. रोजच्या कामात फरक कळत नाही. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नरमध्ये ८० टक्के करा, फ्रेम, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं, थोड्याच कमी होतात. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला, नाहीतर कार्ड न दिसणाऱ्या फ्रेम काढत तापत राहतं.

एवढं सगळं करूनही आवाज उरला तर बायॉसमधून एकेक कॅबिनेट फॅन क्षणभर शून्यावर आणून बघा. ज्याला थांबवल्यावर आवाज जातो तो दोषी. सगळे थांबवूनही आवाज तसाच असेल तर तो फॅनचा नाही. गेम चालू असतानाच येणारी बारीक चीं ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची असते, ती फ्रेमची मर्यादा घातली की बरीच उतरते. सतत गुणगुण हार्ड डिस्कची, तिच्या स्क्रूखाली रबराचे वॉशर घाला. आणि वर्षानुवर्षं टेबलाखाली पडलेल्या यूपीएसलाही कान लावून बघा. त्याचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, काहींत स्वतःचा छोटा फॅनही असतो, आणि त्याला कुठलाच कर्व्ह लागू नाही. तो तेवढा टेबलापासून दूर, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवावा, जाड आणि चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर.